‘फक्त मर्यादित काळासाठी’: फास्ट फूडच्या दुकानातला नवा पदार्थ येतो कशाला आणि जातो कशाला?

इंदूरच्या विजयनगर चौकातून किंवा सपना-संगीता रस्त्यावरून जाताना एखाद्या बर्गरच्या वा पिझ्झाच्या दुकानावर ‘फक्त मर्यादित काळासाठी’ अशी पाटी दिसली नाही, असा महिना सहसा जात नाही. ती पाहून मुले हट्ट धरतात, घरातली मंडळी एकदा जाऊन तो पदार्थ खातात, तो आवडतो, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मागायला गेल्यावर काउंटरवरचा मुलगा ‘वो तो बंद हो गया, सर’ एवढे सांगून मोकळा होतो. खपणारा माल दुकानदाराने आपण होऊन काढून टाकावा, हे आपल्या व्यवहारबुद्धीला पटत नाही. राजवाड्याच्या आसपासच्या एखाद्या मिठाईवाल्याला, मावाबाटी चांगली खपते आहे म्हणून ती पुढच्या महिन्यापासून बंद करा, असे सुचवून पाहावे. तो आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहील हे सांगायला नको.

या धंद्यात अशा पदार्थाला ‘लिमिटेड टाइम ऑफर’ आणि थोडक्यात ‘एलटीओ’ म्हणतात. या लेखात त्याला तात्पुरता पदार्थ म्हणू, आणि बाराही महिने मिळणाऱ्या पदार्थांना कायमची यादी म्हणू. माझ्या समजुतीप्रमाणे हे कोडे उलगडत नाही त्याचे कारण आपण तात्पुरत्या पदार्थाकडेच बघत बसतो. त्याचे येणे आणि जाणे हे दोन्ही कायमच्या यादीच्या सोयीने ठरलेले असते.

खरा हंगाम आणि ठरवलेला हंगाम

काही पदार्थ निसर्गच तात्पुरते करतो. थंडी पडली की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडूच्या कढया लागतात. गराडू हा आपल्या कोनफळाच्या जातकुळीतला कंद. तो सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून घरी करण्याचा उत्साह बहुतेकांना नसतो. सराफ्यातला विक्रेता त्याचे तुकडे आधी अर्धवट तळून ढीग लावून ठेवतो, गिऱ्हाईक आले की कडकडीत तेलात पुन्हा सोडतो, बाहेरून कुरकुरीत कवच धरले की वर लिंबू पिळतो आणि जिरावन मसाला भुरभुरतो. या कढईवर ‘मर्यादित काळासाठी’ अशी पाटी कोणी लावत नाही, कारण कंद संपला की कढई आपोआप उतरते आणि ते सगळ्यांना माहीत असते.

साखळी-दुकानातल्या बर्गरचे असे नसते. त्यातली टिक्की गोठवून महिनोन्‌महिने ठेवता येते, सॉस पिशव्यांतून किंवा डब्यांतून येतो, पाव रोजचाच असतो. जपानमध्ये मॅकडोनल्ड्‌स १९९१ पासून दर शरद ऋतूत ‘त्सुकिमी’ म्हणजे चंद्रदर्शनाचा बर्गर विकते. तिथल्या पौर्णिमेच्या उत्सवाशी जोडलेल्या या बर्गरमध्ये पूर्णचंद्राच्या जागी अंडे असते, आणि अंडी जपानमध्ये मे महिन्यातही मिळतात. याच कंपनीचा ‘मॅकरिब’ हा डुकराच्या मांसाचा सँडविच अमेरिकेत १९८१ मध्ये आला, १९८५ मध्ये यादीतून गेला आणि तेव्हापासून येत-जात राहिला आहे. २००५ नंतर तर त्याचे ‘निरोपाचे दौरे’ही एकापेक्षा अधिक वेळा झाले. जर्मनीत मात्र तोच मॅकरिब कायमच्या यादीत आहे. म्हणजे तो बारा महिने करता येत नाही, असे नाही. अमेरिकेत तो बारा महिने विकायचा नाही, असे ठरवलेले आहे. हा हंगाम कॅलेंडर पुढ्यात घेऊन, बैठकीत नक्की केलेला हंगाम आहे.

यादी छोटी ठेवल्याशिवाय धंदा चालत नाही

फास्ट फूड या प्रकाराचा जन्मच पदार्थ कमी करण्यातून झाला. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनल्ड या भावांचे उत्तम चालणारे हॉटेल होते. १९४८ मध्ये त्यांनी ते सुमारे तीन महिने बंद ठेवले, पंचवीस पदार्थांची यादी नऊवर आणली, काचेची-चिनी मातीची भांडी काढून कागदी वेष्टन आणले, गाडीपर्यंत खाणे नेऊन देणारे नोकर कमी केले आणि हॅमबर्गरची किंमत पंधरा सेंटांवर ठेवली. पदार्थ थोडे असले की प्रत्येक कामगाराला एकच हालचाल दिवसभर करावी लागते, साहित्य थोडे लागते, चुका कमी होतात आणि ताट काही सेकंदांत हातात पडते. पुढच्या सगळ्या साखळ्या या शोधावर उभ्या आहेत.

अशा दुकानाचे स्वयंपाकघर काउंटरपलीकडून थोडा वेळ निरखले तरी याची खूण पटते. बर्गर बांधण्याच्या टेबलावर कांदा, सॅलडचे पान, चीज, काकडीच्या चकत्या यांचे चौकोनी डबे एका ओळीत बसवलेले असतात आणि त्यांची जागा ठरलेली असते, त्यामुळे कामगाराचा हात न बघता योग्य डब्यात जातो. त्या ओळीत एक डबा वाढवायचा म्हणजे एक तरी डबा सरकवावा किंवा काढावा लागतो. शीतगृहात नव्या खोक्याला जागा करावी लागते. ते किती वाजता बाहेर काढायचे आणि किती तासांत संपवायचे याची चिठ्ठी लागते. बिलाच्या यंत्रावर नवे बटण येते. निराळ्या वेष्टनाचा कागद छापावा लागतो. आणि आठ-दहा महिन्यांत नोकरी सोडून जाणाऱ्या मुलांना हे सारे नव्याने शिकवावे लागते. एका पदार्थाने काही बिघडत नाही. पण दरवर्षी पाच पदार्थ वाढवत गेले आणि एकही काढला नाही, तर दहा वर्षांत ज्या जंजाळातून मॅकडोनल्ड बंधूंनी सुटका करून घेतली, तिथेच दुकान परत पोहोचते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मॅकडोनल्ड्‌सने अमेरिका आणि कॅनडात पिझ्झा आणून पाहिला होता. त्याला वेगळी भट्टी लागे आणि बर्गरच्या मानाने कितीतरी जास्त वेळ लागे; गाडीत बसून वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो परवडण्यासारखा नव्हता. पिझ्झा गेला.

म्हणून प्रश्न असा उभा राहतो की यादी वाढवायची तर नाही, पण वर्षानुवर्षे तेच ते दाखवूनही चालत नाही; मग करायचे काय? इथे रेल्वेने काढलेली तोड आठवावी. इंदूर-पुणे गाडी वेळापत्रकात पक्की बसलेली आहे. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दी वाढली की रेल्वे विशेष गाडी सोडते. रूळ तेच, फलाट तेच, डबे इकडून-तिकडून जमवलेले आणि भाडे बहुधा थोडे चढे. ती भरून धावली तर पुढे-मागे नियमित करता येते आणि रिकामी धावली तर मुदत संपताच गुपचूप बंद करता येते. एकदा नियमित केलेली गाडी बंद करायची म्हटली, तर मात्र प्रवासी संघटनांची निवेदने आणि खासदारांची पत्रे सुरू होतात. तात्पुरता पदार्थ ही फास्ट फूडची विशेष गाडी आहे. शक्यतो आधीचीच टिक्की, आधीचाच पाव, आधीचीच कढई वापरायची आणि नवा फक्त सॉस किंवा वरचा थर आणायचा, असा प्रघात आहे. नव्या बर्गरचे चित्र कितीही भव्य असले, तरी त्यातला खरोखर नवा भाग बरेचदा एका पळीत मावतो.

विकायची असते ती फेरी

आता पैशाकडे वळू. समजा, राजेंद्रनगरातल्या चौघांच्या एका कुटुंबातल्या मुलाला नवा तिखट पनीर बर्गर खायचा आहे. तो एकटा जात नाही. वडील नेहमीचा बर्गर घेतात, आई फ्राइज आणि कॉफी घेते, आजी ‘मला तुमचे हे काही नको’ म्हणत आइस्क्रीम घेते. बिल चौघांचे होते आणि त्यात नवा पदार्थ एकच असतो. बाकीचे सगळे कायमच्या यादीतले, ज्याची कृती, पुरवठा आणि नफा वर्षानुवर्षे पक्का झालेला आहे. त्यातही शीतपेय आणि फ्राइज यांना माल कमी लागतो, त्यामुळे त्यांवर सुटणारे पैसे जास्त. नवा पदार्थ स्वतः फारसा नफा देत नसला, तरी त्याने ही फेरी घडवून आणली, तर त्याचे काम झाले. हिशेब तपासणारे लोक म्हणूनच त्या पदार्थाच्या खपाबरोबर, तो चालू असताना दुकानात किती जास्त माणसे आली, हेही मोजतात.

जाहिरातीचाही प्रश्न आहे. ‘आमच्याकडे बर्गर मिळतो’ ही बातमी नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘आमच्याकडे आता हा बर्गर मिळतो’ ही बातमी होते, तिचे रील होतात, कॉलेजातली मुले ते एकमेकांना पाठवतात, आणि जे गिऱ्हाईक सहा महिन्यांत फिरकले नव्हते त्याला जाण्यासाठी निमित्त मिळते.

किमतीचा भाग सहसा कोणी बोलून दाखवत नाही. रोजच्या बर्गरची किंमत दहा रुपयांनी वाढली की ती लगेच लक्षात येते आणि घरी त्यावर चर्चाही होते. नव्या पदार्थाची जुनी किंमतच नसते, त्यामुळे तो महाग आहे की स्वस्त हे ठरवायला गिऱ्हाइकाजवळ माप नसते. पदार्थ दोन महिन्यांत जाणार असल्यामुळे ते माप तयार होण्याआधीच तो दिसेनासा होतो.

दुकान चालवणाऱ्याला मात्र हा खेळ नेहमीच आवडतो असे नाही. यातली बरीच दुकाने फ्रँचायझी पद्धतीने चालतात, म्हणजे कंपनीचे नाव, कृती आणि पद्धत वापरण्याचा परवाना घेऊन स्थानिक गुंतवणूकदार दुकान चालवतो आणि विक्रीचा ठरलेला हिस्सा कंपनीला देतो. कंपनीचे उत्पन्न विक्रीवर आणि चालवणाऱ्याचे नफ्यावर अवलंबून असते. नव्या पदार्थाने विक्री वाढली की कंपनी खूश होते. पण त्यासाठी वाया गेलेला माल, लांबलेली रांग आणि शिकवण्यात गेलेला वेळ हे चालवणाऱ्याच्या पदरी येतात. तात्पुरता पदार्थ ठरल्या तारखेला संपतो, याचे एक कारण या दोघांमधली ही ओढाताण आहे. मुदत ठरलेली असली की चालवणारा कुरकुरत का होईना, तयार होतो.

दोन बिस्किटांची बरणी

पाटीवरच्या ‘मर्यादित’ या शब्दाचा मनावर काय परिणाम होतो, याबद्दल स्टीव्हन वॉर्चेल आणि सहकाऱ्यांचा १९७५ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी सारखीच बिस्किटे दोन प्रकारे पुढे ठेवली. काहींच्या बरणीत दहा होती, काहींच्या बरणीत दोन. दोनाच्या बरणीतले बिस्किट लोकांना अधिक हवेसे आणि अधिक किमतीचे वाटले. ज्यांच्यासमोर दहाची बरणी काढून दोनाची ठेवली, त्यांना ते आणखी हवेसे वाटले. मौज अशी की दुर्मिळ बिस्किट चवीला अधिक चांगले आहे, असे मात्र लोकांनी म्हटले नाही. ओढ वाढली होती, चव तीच राहिली होती.

याला घाईची जोड मिळते. बारा महिने मिळणारा पदार्थ पुढच्या शनिवारवर आणि तिथून त्याच्या पुढच्या शनिवारवर ढकलता येतो. ज्याची मुदत रविवारी संपते आहे, त्यासाठी आजच निघावे लागते. पण या उपायाची मात्रा मोजून द्यावी लागते. सगळीच दुकाने सगळ्याच ऋतूंत ‘शेवटचे काही दिवस’ ओरडू लागली, तर लोक त्या पाटीखालून सरळ निघून जातात. त्यामुळे हुशार साखळ्या सततच्या घाईऐवजी पुनरावृत्तीचा मार्ग धरतात. स्टारबक्सची भोपळ्याच्या मसाल्याची लाटे (दुधाची कॉफी) २००३ मध्ये चाचणी म्हणून आली आणि तेव्हापासून दरवर्षी अमेरिकेतला उन्हाळा सरता सरता परत येते. ती जाणार हे सगळ्यांना माहीत असते आणि परत येणार हेही. मॅकडोनल्ड्‌सचा हिरवा शॅमरॉक शेक तर १९७० पासून सेंट पॅट्रिकच्या सणाच्या सुमारास येतो आहे. अशा पदार्थांना तात्पुरते म्हणण्यापेक्षा सणवाराचे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

‘एवढा खपतो, तर कायमचा का करत नाहीत?’

हा सर्वांत रास्त आक्षेप आहे, आणि त्याचे पहिले उत्तर ‘कधी कधी करतात’ असे आहे. ओहायो राज्यात सिनसिनाटी येथे लू ग्रोएन यांचे मॅकडोनल्ड्‌सचे दुकान कॅथलिक वस्तीत होते. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात शुक्रवारी ही मंडळी मांस खात नसत आणि दुकान ओस पडे. ग्रोएन यांनी माशाचा सँडविच सुचवला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांच्या मनात अननसाच्या चकतीचा बर्गर होता. १९६२ मध्ये दोन्ही एकाच शुक्रवारी विकून पाहायचे ठरले. ग्रोएन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे माशाचे ३५० खपले आणि अननसाचे ६. एका वस्तीच्या उपवासासाठी आलेला तो पदार्थ १९६५ मध्ये ‘फिले-ओ-फिश’ या नावाने अमेरिकेतल्या सर्व दुकानांत कायमचा झाला. अननसाच्या बर्गरचे नाव आज कंपनीच्या इतिहासाखेरीज कुठे आढळत नाही.

आपल्याकडे उपवास आणि धंदा यांचे नाते निराळे समजावून सांगावे लागत नाही. नवरात्रात डॉमिनोजने शिंगाड्याच्या पिठाचा पिझ्झा विकला आहे. इंदुरात तर या कॅलेंडरात एक गंमतीची अडचण येते. इथल्या हिंदी भाषकांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला, त्यामुळे शेजारच्या अग्रवालांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. शाकाहारी विशेष यादी कधी लावायची हे ठरवणाऱ्याला मराठी वस्तीपेक्षा शहराचे बहुमत पाहावे लागते, आणि आपला श्रावण निम्माही झालेला नसतो तोवर त्याचा मोसम उतरू लागतो.

तरीही बहुतेक पदार्थ कायमचे होत नाहीत, कारण सुरुवातीचा खप फसवा असतो. पहिल्या आठवड्यांत कुतूहलाचा खप असतो. कुतूहल शमले की तो उतरतो, आणि तो उतरण्याच्या आत पदार्थ काढून घेतला तर लोकांच्या मनात चांगला खपणारा पदार्थ अशीच त्याची आठवण राहते. दुसरे असे की नव्या बर्गरचे शंभर नग गेले म्हणजे विक्री शंभराने वाढली, असे होत नाही. त्यातले साठ लोक एरवी जुना बर्गर घेणारेच असू शकतात. या प्रकाराला धंद्यात ‘कॅनिबलायझेशन’ म्हणतात, म्हणजे दुकानाच्याच एका पदार्थाने दुसऱ्याचे गिऱ्हाईक खाणे. ज्याने नवे माणूस आणले नाही आणि जुन्याची फक्त जागा बदलली, त्या पदार्थासाठी टेबलावरचा डबा कायमचा अडवणे परवडत नाही.

काही वेळा तर ‘मर्यादित’ पदार्थ ही सरळसरळ चाचणी असते. अमेरिकेत ओहायोतले कोलंबस शहर अशा चाचण्यांसाठी प्रसिद्ध आहे, कारण तिथली लोकसंख्या देशाच्या सरासरीशी बरीच जुळते असे मानले जाते. चाचणीत नापास झालेल्या पदार्थाला ‘मुदत संपली’ म्हणणे, ‘पडला’ म्हणण्यापेक्षा सोयीचे असते.

‘स्वस्त माल खपवण्याची ही युक्ती असावी’

मॅकरिबबद्दल अमेरिकेत असा तर्क बरेच दिवस चालू आहे की डुकराच्या मांसाचे घाऊक भाव पडले की तो परत येतो. काही फेऱ्यांत तारखा आणि भाव यांचा मेळ दिसतो. पण मेळ दिसणे म्हणजे कारण सापडणे नव्हे. मात्र या तर्कामागचे तत्त्व खरे आहे. हजारो दुकाने असलेली साखळी एखादे मांस, फळ किंवा भाजी यादीत घेते, तेव्हा तिच्या खरेदीनेच बाजार हलू शकतो. कायमच्या पदार्थाला बाराही महिने, एकाच मापाचा आणि एकाच चवीचा पुरवठा लागतो, भाव कितीही चढले तरी.

तो उभा करणे सोपे नाही. लांब आणि खरपूस फ्राइजसाठी आकाराने मोठा आणि कमी पाण्याचा बटाटा लागतो, आणि भारतात तो पुरेसा पिकत नव्हता. मॅकेन कंपनीने गुजरातेत शेतकऱ्यांशी करार करून विशिष्ट वाण लावायला शिकवले आणि मेहसाण्याला कारखाना काढला. त्यात काही वर्षे गेली. एवढा व्याप फ्राइजसाठी करता येतो, कारण त्या रोज आणि सर्वत्र खपतात. तीन महिन्यांच्या सॉससाठी किंवा एखाद्या खास मिरचीसाठी तो कोणी करणार नाही. मिळेल तेवढा माल एकदा घ्यायचा आणि संपला की थांबायचे, हेच शहाणपणाचे.

पुरवठा तुटला की काय होते, हे आपण २०२३ च्या पावसाळ्यात पाहिले. टोमॅटोचे भाव कडाडले आणि चांगला माल मिळेना, तेव्हा जुलैत उत्तर व पूर्व भारतातल्या मॅकडोनल्ड्‌सने आणि ऑगस्टमध्ये बर्गर किंगने आपल्या बर्गरमधून टोमॅटो तात्पुरता काढला. कायमच्या यादीतली वस्तू गायब झाली म्हणून त्याची बातमी झाली. हंगामी पदार्थ त्या काळात गायब झाला असता, तर कोणाच्या ध्यानातही आले नसते. मुदतीच्या पाटीचा दुकानाला हा आणखी एक फायदा आहे.

‘टंचाई मुद्दाम केलेली असते का?’

मुदत मुद्दाम घातलेली असते. टंचाई मात्र बरेचदा अंदाज चुकल्याने होते. अमेरिकेत पोपाइज या साखळीने ऑगस्ट २०१९ मध्ये चिकन सँडविच आणला. सप्टेंबरअखेर पुरेल अशा बेताने ठेवलेला माल दोन आठवड्यांतच संपला, आणि नोव्हेंबरपर्यंत सँडविच परत आला नाही. त्यात कंपनीची जाहिरात फुकट झाली, हे खरे. पण दोन महिने विक्री बुडवून कोणी जाहिरात करत नाही.

टंचाईचा अतिरेक अंगाशीही येतो. १९९८ मध्ये एका चित्रपटाच्या निमित्ताने मॅकडोनल्ड्‌सने सेचुआन सॉस दिला होता. त्याची आठवण एका कार्टून मालिकेने जागी केली, म्हणून ऑक्टोबर २०१७ मध्ये कंपनीने एका दिवसापुरता तो परत आणला, आणि दुकानांना इतक्या थोड्या पुड्या दिल्या की तासन्‌तास रांगेत उभे राहिलेले लोक चिडून घोषणा देऊ लागले. कंपनीला माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिने सुमारे २ कोटी पुड्या बाजारात आणल्या, तेव्हा कुठे प्रकरण शमले.

आपल्याकडे याला कायद्याची चौकटही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, वस्तू पुरेशा प्रमाणात देण्याची वाजवी शक्यता नसताना तिचे आमिष दाखवणारी जाहिरात करता येत नाही. नोव्हेंबर २०२३ च्या तत्त्वांत ऑनलाइन विक्रीतल्या तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी आहे आणि तिच्यात ‘खोटी घाई’ ही एक आहे. म्हणजे ॲपवर ‘शेवटचे दोन तास’ दाखवून दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ पुन्हा सुरू करणे हा अनुचित व्यापार ठरू शकतो. ‘हा पदार्थ अमुक तारखेपर्यंत’ असे सांगून त्या तारखेला तो बंद करण्यात मात्र बेकायदा काही नाही. अमेरिकेत तर तात्पुरत्या पदार्थाला एक सवलतच आहे. वीस किंवा अधिक दुकानांच्या साखळीला यादीवर उष्मांक छापावे लागतात, पण वर्षात साठ दिवसांहून कमी काळ मिळणाऱ्या पदार्थाला ती सक्ती नाही.

गिऱ्हाइकाच्या ओरड्याचा उपयोग होतो का?

होतो, पण तो पदार्थ गेल्यावर. टॅको बेल या साखळीने यादी आटोपशीर करण्यासाठी नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मेक्सिकन पिझ्झा’ काढून टाकला. त्यातले मांस वगळून राजम्यासारखे शिजवलेले दाणे, म्हणजे बीन्स, घालून घेता येत असत, त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या शाकाहारी भारतीय कुटुंबांत तो बाहेरच्या खाण्यातला हुकमी पदार्थ होता. इंदुरातल्या ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, त्यांतल्या काहींनी तिकडच्या मुक्कामात तो खाल्लाही असेल. परत आणण्याच्या मागणीवर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या. मे २०२२ मध्ये तो परतला, मागणी इतकी की काही आठवड्यांत माल संपला, आणि सप्टेंबरपासून तो पुन्हा कायमच्या यादीत बसला. इथे क्रम उलटा झाला, कायमचा पदार्थ जाऊन परत कायमचा झाला. पण नियमित गाडी बंद करणे किती जड जाते, हे त्यातून दिसते. नव्या पदार्थाला सुरुवातीलाच मुदत घालण्याची कंपन्यांची सवय अशा अनुभवांमुळे आणखी घट्ट होते.

सराफ्याला अशी पाटी का लागत नाही

एक प्रश्न इंदूरकरांचा हक्काचा आहे. सराफ्यात आणि छप्पन दुकानावर वर्षानुवर्षे तेच पदार्थ विकणारी दुकाने आहेत. दहीवड्याचे दुकान दहीवडाच विकते, भुट्ट्याच्या किसाचे दुकान कीसच विकते, आणि तरीही गर्दी हटत नाही. मग साखळ्यांनाच दर दोन महिन्यांनी नवे सोंग का आणावे लागते?

सराफ्यातल्या प्रत्येक दुकानाची यादी मॅकडोनल्ड बंधूंच्या यादीपेक्षाही छोटी असते, पण विविधता दुकानाने पुरवायचीच नसते; ती गल्ली पुरवते. रात्री सोन्याचांदीची दुकाने बंद झाल्यावर त्यांच्याच ओट्यांसमोर जो बाजार मांडला जातो, तिथे माणूस एका दुकानासाठी न जाता सराफ्यासाठी जातो, दहा ठिकाणी थोडे-थोडे खातो, आणि दहीवडेवाल्याकडचा कंटाळा त्याला खोपरा पॅटिसवाल्याकडे नेतो. तिथून तो पुढच्या वेळी दहीवड्याकडे परत येतोच. थंडीतला गराडू सगळ्या गल्लीसाठी फेरी घडवून आणतो आणि त्याचा लाभ शेजारच्या शिकंजीवाल्यालाही मिळतो. विजयनगरातल्या साखळी-दुकानात गिऱ्हाइकाला कंटाळा आला, तर ते शेजारच्या दुसऱ्या साखळीत जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक पहिल्या दुकानाच्या हिशेबातून वजा होते. त्याने आपल्याच छपराखाली राहावे म्हणून छोट्या यादीच्या आतच एक जागा फिरती ठेवावी लागते. त्या जागेवरचा पदार्थ आवडला असेल, तर पाटीवरची तारीख वाचून ठेवावी, आणि ती लिहिलेली नसेल तर काउंटरवर विचारावी. पुढच्या पदार्थाचे साहित्य कधी येणार आहे, हे तिथल्या व्यवस्थापकाला बहुधा आधीच कळवलेले असते.